तीन गिअरचा हब आणि गाळलेले नाव

तीन गिअर असलेल्या जुन्या रॅले सायकलच्या मागच्या हबवर ‘स्टर्मी-आर्चर’ ही अक्षरे उमटवलेली आढळतात. गंमत अशी, की या नावाने प्रथम बाजारात आलेला हब ना स्टर्मीने घडवला होता, ना आर्चरने. तो होता विल्यम रायलीचा. मग त्याचे नाव कुठे गेले? #थ्रेड

इंग्लंडमधील सॅलफर्ड येथील रायलीने १८९६ मध्ये दोन गिअरच्या हबचे पेटंट घेतले. १८९८ पासून तो ‘द हब’ या नावाने विकला जाऊ लागला आणि चांगला खपला. मात्र रायलीने उत्पादकांशी केलेल्या करारात एक घातक अट होती : त्याच्या भावी गिअर-रचनांवरील हक्कही त्यांचेच. म्हणजे जे अजून सुचलेही नव्हते, ते त्याने आधीच लिहून दिले होते!

पुढे त्या उत्पादकांपासून तो वेगळा झाला आणि तीन गिअरचा हब त्याच्या हातून सिद्ध झाला. आता पेटंट स्वतःच्या नावे घ्यावे, तर ते जुन्या मालकांच्या घशात जाणार. म्हणून अर्ज गेला सहकारी जेम्स आर्चरच्या नावाने. आर्चरला चोर ठरवणे अन्यायाचे होईल. ही पळवाट रायलीच्याच सोयीची होती.

त्याच सुमारास ‘द ऑटोकार’चे पहिले संपादक हेन्री स्टर्मी यांनीही तीन गिअरचा स्वतंत्र हब रचला होता. रॅले कंपनीचे प्रमुख फ्रँक बोडेन यांनी दोन्हींचे हक्क मिळवले आणि १९०३ मध्ये ‘थ्री-स्पीड गिअर सिंडिकेट’ स्थापन केले. उत्पादन रायलीच्या रचनेचे झाले. नाव मात्र पेटंटांच्या कागदांवरून पडले.

अशा हबच्या पोटात चालते तरी काय? १९३६ चे ‘एडब्ल्यू’ मॉडेल पाहू. मधोमध आसाला जखडलेले २० दात्यांचे ‘सूर्यचक्र’, त्याभोवती फिरणारी ‘ग्रहचक्रे’ आणि त्यांना वेढणारे, आतून ६० दाते असलेले कडे. साखळीने कडे फिरवले आणि ग्रहांच्या चौकटीने हब, तर साखळीचक्राच्या एका फेऱ्यात चाक पाऊण फेराच फिरते. चढावर पायांना हलके. हाच क्रम उलटला, की चाक सव्वापेक्षा थोडे जास्त, म्हणजे १.३३ फेरे घेते. मधल्या गिअरमध्ये चाक साखळीचक्राबरोबर सरळ फिरते.

२००० मध्ये नॉटिंगहॅमचा कारखाना बंद पडला आणि कंपनी तैवानच्या सनरेसकडे गेली. हब आजही बनतात, त्याच दोन नावांनी.