ग्रीन कार्डधारकांच्या जोडीदारांची रांग

अमेरिकेत नागरिकाच्या पतीला किंवा पत्नीला व्हिसा देताना वार्षिक संख्येची अट नसते; ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदाराला असते. 1924 च्या कायद्याने नागरिकांच्या बायका कोट्याबाहेर ठेवल्या, नवऱ्यांना मात्र ती सवलत नव्हती. 1952 मध्ये दोघांना एकच नियम लागू झाला. 1965 च्या कायद्याने देशनिहाय कोटे मोडीत काढले, पण ग्रीन कार्डधारकांचे जोडीदार मर्यादित संख्येच्या ‘दुसऱ्या पसंती’च्या वर्गातच राहिले.

ही रांग खरी फुगली ती 1986 नंतर. त्या वर्षीच्या कायद्याने सुमारे 27 लाख बेकायदा रहिवाशांना, त्यातही बहुतांश मेक्सिकनांना, कायदेशीर होण्याची वाट मोकळी करून दिली. ग्रीन कार्ड हाती पडताच त्यांनी बायकामुलांसाठी अर्ज भरले. 1990 च्या कायद्याने जोडीदार व अल्पवयीन मुले यांचा एफ-2-ए हा स्वतंत्र उपवर्ग केला आणि त्याला जास्त व्हिसा दिले, तरी अर्ज त्याहून अधिक होते.

नातलगासाठीचा आय-130 हा अर्ज दाखल झाल्याची तारीख हा अर्जदाराचा रांगेतला क्रमांक. परराष्ट्र खाते दरमहा व्हिसा बुलेटिन काढते. त्यातली तारीख आपल्या तारखेच्या पुढे गेली की व्हिसा मिळू शकतो. ही तारीख काही महिने सरकते, कधी जागीच थांबते, तर कधी चक्क मागे जाते. अर्ज मंजूर झाला म्हणजे काम झाले, असे समजणाऱ्यांची इथेच निराशा होई. मधल्या काळात पत्नीने नुसते भेटीला जायचे म्हटले तरी पंचाईत. तिचा स्थलांतराचा इरादा अर्जानेच नोंदवलेला असल्याने पर्यटक व्हिसा बहुधा नाकारला जाई.

महाराष्ट्रातून गेलेल्या संगणक अभियंत्यांना यातला विरोधाभास चांगलाच ठाऊक होता. एच-1बी या तात्पुरत्या व्हिसावरच्या नोकरदाराची बायको एच-4 या जोडीदारांच्या व्हिसावर लगेच जाऊ शके. कायमचा रहिवासी झालेल्याची बायको मात्र माहेरी किंवा सासरी थांबे. लग्न ग्रीन कार्डाच्या आधी झाले असेल, तर पत्नीला पतीच्याच अर्जाच्या आधारे कार्ड मिळे. नंतर झाले तर ती एफ-2-एच्या रांगेत. त्यामुळे मुहूर्त ठरवताना पंचांगाबरोबर वकिलाचाही सल्ला घेतला जाई. ज्यांना हे उशिरा कळले, त्यांच्यापुढे सहसा पाच वर्षे पूर्ण करून नागरिकत्व घेण्याचा मार्ग उरे. नवरा नागरिक झाला की बायकोची रांग संपे.

या ताटातुटीवर उपाय म्हणून अमेरिकी संसदेने डिसेंबर 2000 मध्ये ‘व्ही’ व्हिसा आणला. तीन वर्षे ताटकळलेल्या जोडीदारांना त्यावर अमेरिकेत येऊन उरलेली वाट तिथे पाहता येई. पण 21 डिसेंबर 2000 पर्यंत दाखल झालेल्या अर्जांनाच तो लागू होता. मूळ संख्या न वाढवता केलेला हा उपाय म्हणजे मलमपट्टीच होती, आणि त्यानंतरच्या अर्जदारांना तीही मिळाली नाही.

जुलै 2019 मध्ये एफ-2-ए सर्व देशांसाठी खुला झाला, म्हणजे रांग संपली. पण एप्रिल 2023 च्या बुलेटिनमध्ये बहुतेक देशांसाठी तारीख पुन्हा मागे, सप्टेंबर 2020 वर नेण्यात आली.