अंध संगीतकार आणि स्वरलेखनाचीं साधनें

छत्रपति संभाजीनगराहून, म्हणजे जुन्या औरंगाबादेहून, देवगिरीचा किल्ला जेमतेम तासाभराच्या वाटेवर आहे. तेराव्या शतकांत यादव राजा सिंघण याच्या पदरीं शार्ङ्गदेव नांवाचा एक अधिकारी होता. राज्याचा जमाखर्च सांभाळतां सांभाळतां त्यानें 'संगीतरत्नाकर' हा सात अध्यायांचा ग्रंथ रचला. हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही परंपरा या ग्रंथाला आपला पूर्वज मानतात. त्यांत स्वरांच्या आद्याक्षरांनीं रचना मांडून दाखविल्या आहेत. कानानें घ्यावयाची विद्या डोळ्यांपुढें मांडण्याचा उद्योग किती जुना आहे, हें त्यावरून दिसतें. परंतु ज्याला दृष्टि नाहीं त्याच्या पदरांत या उद्योगांतून काय पडलें, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाहीं.

विद्या जोंवर मुखानें दिली जात होती, तोंवर या प्रश्नाचें कारणहि नव्हतें. गुरूसमोर तंबोरा घेऊन बसलेल्या दोन शिष्यांत एक डोळस आणि एक अंध असला, तरी दोघांचीं साधनें एकच : कान, कंठ आणि स्मरणशक्ति. महाराष्ट्रांत याचें ठळक उदाहरण विष्णु दिगंबर पलुसकर यांचें आहे. त्यांचा जन्म 1872 सालीं कुरुंदवाड येथें झाला. लहानपणीं फटाक्याच्या अपघातानें त्यांची दृष्टि अधू झाली आणि शाळेचा मार्ग खुंटला. कीर्तनकाराच्या या मुलाला मग मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गाणें शिकण्यास ठेवण्यांत आलें. ज्या मुलाला पुस्तक नीट वाचतां येत नव्हतें, त्याला गायनाची विद्या पूर्णपणें मिळाली. कारण ती पुस्तकांत नव्हतीच.

पुढें 5 मे 1901 रोजीं पलुसकरांनीं लाहोर येथें गांधर्व महाविद्यालय स्थापन केलें आणि 1908 मध्यें मुंबईंत आपलें कार्य सुरू केलें. एका वर्गांत अनेक विद्यार्थ्यांना शिकवावयाचें, तर लेखी साधन हवें, म्हणून त्यांनीं स्वतःची स्वरलिपि बसविली आणि क्रमिक पुस्तकें छापलीं. विष्णु नारायण भातखंडे यांनीं आपली निराळी लिपि प्रचारांत आणली. या दोघांच्या परिश्रमानें संगीत मध्यमवर्गाच्या घराघरांत पोंचलें, हें त्यांचें ऋण मोठें आहे. पण जी विद्या एका अधू दृष्टीच्या मुलाला कानावाटे मिळाली होती, ती त्याच्याच प्रयत्नानें छापील पानावर गेली, आणि छापील पान अंधाला मुकें असतें. हा कोणाचा दोष नव्हे. साधन बनवितांना ज्याचा विचार मनांत नसतो, तो आपोआपच बाहेर राहतो, एवढाच याचा अर्थ.

यावरचा उपाय युरोपांत पूर्वींच निघालेला होता. 1809 मध्यें फ्रान्समध्यें जन्मलेल्या लुई ब्रेल याची दृष्टि बालपणींच अपघातानें गेली. 1829 सालीं त्यानें आपली ठिपक्यांची लिपि पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली, तेव्हांच ती शब्दांप्रमाणें संगीतासाठींहि योजलेली होती. ब्रेल स्वतः चर्चमध्यें ऑर्गन वाजवीत असे, हें लक्षांत घेतलें म्हणजे याचें नवल वाटत नाहीं. त्याच्या संगीतलिपींत सहा ठिपक्यांपैकीं वरचे चार स्वर सांगतात आणि खालचे दोन त्या स्वराचा काळ. एका बोटाखालीं स्वर आणि मात्रा दोन्ही सांपडतात. अडचण एवढीच कीं, वाचण्यास हात लागतो आणि वाजविण्यासहि हातच लागतो. त्यामुळें अंध वादकाला ओळ चांचपून आधीं पाठ करावी लागते व मग वाजवावी लागते.

मुंबईंत 1900 च्या सुमारास अंधांच्या शाळा निघाल्या आणि तेथें संगीत हें चरितार्थाचें एक साधन म्हणून शिकविलें जाऊं लागलें. भारतीय भाषांसाठीं एकच भारती ब्रेल 1951 सालीं ठरली. आपल्या स्वरलिपींत सप्तकाचें टिंब अक्षराच्या वर वा खालीं येतें, कोमल स्वराखालीं आडवी रेघ येते. ठिपक्यांच्या ओळींत वर-खालीं असें कांहीं नसतें. तेथें प्रत्येक खुणेला स्वतंत्र जागा द्यावी लागते. अशा बारीक गोष्टींतच एखादें साधन खरोखर उपयोगी पडतें किंवा पडत नाहीं.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत संगीताचें लेखन कागदावरून ध्वनिफितीवर आलें. ध्वनिमुद्रणाचें यंत्र अवजड खरें, पण त्याच्या कळा आणि खुंट्या हाताला लागत. कोणती खुंटी कोठें आहे, हें एकदां बोटांना कळलें कीं डोळ्यांचें कांहीं अडत नसे. 1983 मध्यें निरनिराळ्या विद्युत्-वाद्यांना एकमेकांशीं बोलतां यावें म्हणून 'मिडी' ही सर्वमान्य पद्धति ठरली आणि संगणक संगीताच्या खोलींत शिरला. त्या काळच्या पुष्कळ संगणकांच्या पडद्यावर मुख्यतः अक्षरें उमटत. तीं मोठ्यानें वाचून दाखविणारीं यंत्रें निघालीं होतीं. अंध संगीतकाराला वाटलें, आतां दार उघडलें.

तें फार दिवस उघडें राहिलें नाहीं. 1990 नंतर पडद्यावर अक्षरांच्या जागीं चित्रें आलीं. कळेचें चित्र, खुंटीचें चित्र, ध्वनिलहरीचें चित्र, आणि तीं हलवावयास माउस. माउसचा बाण कोठें आहे हें डोळ्यांनींच पाहावें लागतें. ज्या खुंटीला पूर्वीं हात लागत होता, तिची आतां सपाट कांचेवरची प्रतिमा झाली. स्क्रीन रीडर हें सॉफ्टवेअर पडद्यावरील मजकूर बोलून दाखवितें. पण चित्राला कर्त्यानें नांवच दिलेलें नसेल, तर तें केवळ 'बटन, बटन' एवढेंच म्हणत राहतें.

यावर तोड काढण्यांत अंधांचाच वांटा मोठा आहे. ऑस्ट्रेलियांतील मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन अंध तरुणांनीं 2006 मध्यें हातीं घेतलेला 'एन.व्ही.डी.ए.' हा स्क्रीन रीडर विनामूल्य मिळतो आणि मराठींतहि बोलूं शकतो. 'रीपर' या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरला जोडण्यासाठीं 'ओसारा' नांवाचा पूरक भाग तयार झाला, त्याचा आरंभहि तेह यांनींच केला. वर-खालच्या कळा दाबल्या कीं कोणता ट्रॅक, तो बंद आहे कीं चालू, त्यावर ध्वनिमुद्रण होणार आहे कीं नाहीं, हें कानावर येतें. तरीहि तोडगा पुरा झालेला नाहीं. बोलणारा आवाज आणि घडणारें गाणें एकाच कानांत मिसळतात, आणि पुष्कळ कंपन्यांच्या पूरक वाद्यांच्या खिडक्या अजूनहि निनांवी चित्रांच्याच आहेत. भारतांत 2016 सालच्या दिव्यांग हक्क कायद्यानें इलेक्ट्रॉनिक साधनें सर्वांना वापरतां येतील अशीं असावींत, हें तत्त्व मान्य केलें; तें प्रत्येक खिडकीपर्यंत पोंचावयाचें आहे.

येथें केवळ सोयीचा प्रश्न नाहीं. अंध गायकाला समाजानें नेहमींच दाद दिली, परंतु त्याच्या गाण्याचा अखेरचा आकार बहुधा दुसऱ्याच्या हातीं राहिला. कोणता आवाज पुढें घ्यावयाचा, कोठें श्वास कापावयाचा, कोठें शांतता ठेवावयाची, हे निर्णय ज्याचे, कृति त्याची. डोळस मदतनीस कितीहि सज्जन असला तरी तो आपल्या कानानें निवड करतो. मराठवाड्यांतील एखाद्या गांवीं भजनांत पेटी धरणाऱ्या अंध मुलाला स्वतःची चाल स्वतःच बांधून, तोलून, पूर्ण करून जगापुढें ठेवतां येईल कीं नाहीं, हें आतां त्याच्या प्रतिभेइतकेंच एका बटनाला नांव दिलें आहे कीं नाहीं यावर अवलंबून आहे.

देवगिरीच्या पायथ्याशीं शार्ङ्गदेवानें स्वरांना अक्षरें दिलीं. पलुसकरांनीं तीं घराघरांत नेलीं. आतां या कामाचा उरलेला भाग पुरा व्हावयाचा आहे : जें डोळ्यांपुढें मांडलें, तें पुन्हां कानाच्या आणि बोटांच्या स्वाधीन करावयाचें.