उयैनाची बॅटरी आणि दारातली गाडी

सौदी अरेबिया म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर तेलविहिरी येतात. पण रियाधच्या वायव्येला सुमारे ५० किलोमीटरवर अल-उयैना नावाचं गाव आहे. दुपारचं ऊन रात्रीसाठी कसं साठवायचं, हा प्रश्न या गावाने चाळीसेक वर्षांपूर्वीच हाताळला होता. आज तोच प्रश्न विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या निमित्ताने शहरांपुढे आला आहे.

१९७७ साली सौदी अरेबिया आणि अमेरिका यांनी 'सोलेरास' नावाचा सौर संशोधनाचा संयुक्त कार्यक्रम सुरू केला. त्यातून उयैनाजवळ ३५० किलोवॅटचा प्रकल्प उभा राहिला आणि १९८१ पासून उयैना, जुबैला व हिजरा या गावांसाठी वीज तयार करू लागला. सूर्य मावळल्यावर काय, याचं उत्तर होतं शिसं-आम्लाच्या बॅटऱ्या. त्यांची क्षमता होती ११०० किलोवॅट-तास, म्हणजे आपल्या वीजबिलाच्या भाषेत ११०० युनिट. लोडशेडिंगच्या काळात तुमच्या घरी डिस्टिल्ड वॉटर घालायची इन्व्हर्टरची बॅटरी असेल, तर तशा सुमारे ६०० बॅटऱ्या एकत्र ठेवल्याची कल्पना करा.

आता एक हिशेब करा. आजच्या मध्यम आकाराच्या विजेच्या गाडीत साधारण ७५ युनिट मावतात. म्हणजे तेव्हाचा हा सगळा साठा आज पंधरा गाड्यांत बसतो. एवढ्या गाड्या एका इमारतीच्या पार्किंगमध्ये उभ्या राहतील.

आणि गाडी दिवसाचा बहुतेक वेळ उभीच असते. दुपारी स्वस्त सौर वीज भरून घ्यायची आणि संध्याकाळी घरोघरी एसी चालू असताना त्यातली थोडी शहराला परत द्यायची, ही कल्पना विलेट केम्प्टन आणि स्टीव्हन लेटेंड्रे या अमेरिकी अभ्यासकांनी १९९७ मध्येच मांडली होती. भूकंप आणि त्सुनामीनंतरच्या जपानमध्ये निसानने २०१२ साली गाडीवर घर चालवण्याची सोय विक्रीला आणली. ॲमस्टरडॅमच्या फुटबॉल स्टेडियममध्ये २०१८ पासून निसान लीफच्या नव्या-जुन्या बॅटऱ्यांमध्ये वीज साठवली जाते.

मग उयैनाचं काम पुढे का गेलं नाही? १९८६ साली तेलाचे भाव कोसळले आणि सौर विजेची निकड जगभर ओसरली. उयैना संशोधनकेंद्र म्हणून चालू राहिलं. तिथे जर्मनीच्या साथीने सौर विजेवर पाण्यापासून हायड्रोजन काढण्याचे प्रयोगही झाले. पण देशातला पहिला मोठा सौर प्रकल्प, सकाकाचा ३०० मेगावॅटचा, याचं उद्घाटन व्हायला २०२१ साल उजाडलं. अडलं ते तंत्रापाशी कमी आणि हिशेबापाशी जास्त.

आज २०३० पर्यंत निम्मी वीज अक्षय स्रोतांपासून आणि रियाधमधल्या ३० टक्के गाड्या विजेवर, अशी उद्दिष्टं जाहीर झाली आहेत. २०२३ मध्ये किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीत ल्युसिडचा गाड्यांचा कारखाना सुरू झाला. तांबड्या समुद्रालगतच्या नव्या पर्यटन प्रकल्पासाठी तर १३ लाख युनिटांचा बॅटरीसाठा उभारला आहे. असा साठा एकाच्या मालकीचा असतो आणि त्याला थंड जागी ठेवता येतं. गाड्यांचे मालक मात्र हजारो. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांच्या वर जाणाऱ्या उष्म्यात बॅटरी लवकर थकते. वारंवार वीज देऊन ती झिजली, तर त्याची भरपाई मालकाला मिळायला हवी.

तुमच्यापैकी आखातात राहणारे अनेकजण भाड्याच्या घरात किंवा कंपनीच्या कंपाउंडमध्ये राहतात. गाडी तुमची, पार्किंग घरमालकाचं, वीज तिसऱ्याची. मग परत दिलेल्या युनिटाचे पैसे कुणाच्या खात्यात? इमारतीत चार्जर बसवण्याची चर्चा निघेल तेव्हा दोनच गोष्टी विचारा: हा चार्जर वीज परत घेतो का, आणि घेतल्यास दर काय? उयैनाच्या बॅटऱ्यांनी रात्र काढून दाखवली होती. पुढचं गाडं अडलं होतं ते दरापाशीच.