पंगत आली कुठून? नांदेडला निघालेल्या बायांसाठी

 

गटाची सहल नांदेडला काढायची म्हटलं, की बैठकीत तीन प्रश्न ठरलेले असतात. गुरुद्वाऱ्यात आपल्याला आत सोडतात का? लंगरच्या जेवणाला पैसे किती पडतात? तिसरा प्रश्न जरा हळू आवाजात येतो, तो म्हणजे जेवायला बसताना जात विचारतात का?

तिन्हींचं उत्तर एका दमात देता येतं. सोडतात, काही पडत नाहीत, विचारत नाहीत. पण तिसरा प्रश्न आपल्या बाईला हळू आवाजात का विचारावा लागतो, हे समजून घ्यायचं तर बरंच मागं जावं लागतं. आज आम्ही सहयोगिनी तुम्हाला तिकडंच नेणार आहोत. जाता जाता शहरातल्या रीतीभातीही सांगू.

आधी आपल्या शिदोरीकडं बघा. आपल्या आज्या-पणज्या परगावी निघाल्या, की कुणाच्या फडक्यात दशम्या असायच्या, कुणाच्या फडक्यात भाकरी आणि ठेचा. दशमीचं पीठ दुधात मळतात. ती दोन दिवस मऊ राहते, हे एक कारण. दुसरं कारण सोवळ्या-ओवळ्याचं. पाण्यात मळलेलं अन्न प्रवासात विटाळतं आणि दुधातलं विटाळत नाही, असा समज होता. म्हणजे साधी दशमी बांधतानासुद्धा शेजारी कोण बसेल, कुणाचा हात लागेल, याचा हिशोब मनात असायचा.

अन्नाचं जे, तेच पाण्याचं. निजामाच्या राज्यात नांदेडवरून रेल्वे गेली, त्या काळात देशभरातल्या स्टेशनांवर हिंदूंचं पाणी वेगळं आणि मुसलमानांचं पाणी वेगळं असायचं. गावच्या विहिरीवर ज्यांना पोहरा टाकायची मनाई होती, त्या बायांना तासन् तास थांबावं लागायचं. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतायचं आणि खाली ओंजळ धरायची. त्यांच्याच लेकी-सुना आज गटात आपल्या शेजारी बसतात. मग प्रश्न हळू आवाजात आला, तर त्यात नवल काय?

पण बायांनो, याच मुलखात ही रीत मोडणारी माणसंही झाली. लातूरच्या निलंग्याकडून सीमा ओलांडली की बसवकल्याण लागतं. बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वर तिथं राजा बिज्जळाच्या दरबारी मोठ्या पदावर होते. कष्ट करायचे आणि कष्टाचं अन्न सगळ्यांबरोबर वाटून खायचं, याला शरण मंडळी दासोह म्हणायची. त्यांच्यात चांभार, परीट, नावाडी, ब्राह्मण असे सगळे होते.

पुढच्या शतकात संत नामदेव झाले. हिंगोली जिल्ह्यातलं नर्सी हे त्यांचं जन्मगाव मानतात. जातीनं शिंपी. औंढ्या नागनाथाला कीर्तन करताना त्यांना देवळासमोरून उठवलं, ते मागच्या बाजूला जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडं फिरलं, ही कथा तुम्ही ऐकलेली असेल. हेच नामदेव पुढं पंजाबात गेले. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. म्हणून नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात आपण ज्या ग्रंथापुढं डोकं टेकतो, त्यात आपल्या मातीचाही आवाज आहे.

लंगर सुरू केला गुरू नानकांनी. त्यांचा काळ १४६९ ते १५३९. लंगर वाढवला, निगुतीनं चालवला, तो मात्र एका बाईनं. दुसरे गुरू अंगद यांच्या पत्नी माता खीवी. त्यांच्या हातची तुपातली खीर, त्यांची माया, याचं कौतुक खुद्द ग्रंथसाहिबात नावानिशी आलेलं आहे. चूल सांभाळणाऱ्या बाईचं नाव धर्मग्रंथात यावं, ही गोष्ट लहान नाही. आपण जन्मभर रांधतो, आणि कौतुक होतं ते भाजीचं.

तिसरे गुरू अमरदास यांनी नियमच केला, आधी पंगत, मग संगत. म्हणजे गुरूला भेटायचं तर आधी सगळ्यांच्या ओळीत बसून जेवायचं. अकबर बादशहालाही आधी पंगतीत बसावं लागलं, असं शीख परंपरा सांगते. याच गुरूंनी बायकांच्या पडद्याला आणि सतीच्या चालीला विरोध केला.

दहावे गुरू गोविंदसिंग यांनी १६९९ साली आनंदपूरला खालसा पंथ उभा केला. पहिल्या पाच जणांना, पंजप्याऱ्यांना, त्यांनी एकाच बाट्यातलं अमृत पाजलं. मग स्वतः त्या पाचांच्या हातून तेच अमृत घेतलं. ते पाच जण वेगवेगळ्या प्रांतांतले, वेगवेगळ्या जातींचे. त्यातले साहिबसिंग होते बिदरचे, न्हावी समाजातले. बिदर म्हणजे आपल्या उदगीर-देगलूरच्या शेजारचं गाव. एका भांड्यातून पिण्याची ती गोष्ट पंजाबात घडली, तेव्हा आपल्या बाजूचा माणूस तिथं होता.

गुरू गोविंदसिंग १७०८ साली नांदेडला आले. गोदावरीकाठी त्यांनी मुक्काम केला. आपल्यानंतर ग्रंथालाच गुरू माना, असं इथंच सांगितलं आणि त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला इथंच देह ठेवला. पुढं महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात आजचं सचखंड बांधून घेतलं. शिखांच्या पाच तख्तांपैकी हे एक. पंजाबातून आलेली बरीच माणसं इकडंच राहिली, त्यांना दखनी शीख म्हणतात. त्यामुळं नांदेडचा गुरुद्वारा हे काही परक्या मुलखातलं ठिकाण नाही. ते आपल्याच गोदावरीवर आहे.

आता आत गेल्यावरच्या रीती सांगतो.

डोकं झाकायचं. पदर चालतो, ओढणी चालते. हा बायकांसाठीचा पडदा नाही, पुरुषांनाही रुमाल बांधावा लागतो.

चपला जोडाघरात द्यायच्या. तिथं आपल्या मातीनं भरलेल्या चपला हातात घेणारा माणूस नोकर समजू नका. तो कुणी व्यापारी असेल, कुणी मास्तर असेल. सेवा म्हणून तो ते काम करतो. त्याच्यापुढं चप्पल भिरकावू नका, नीट हातात द्या. मग हात-पाय धुऊन आत जायचं.

तंबाखू, मिसरी, गुटखा, विडी काहीही आत न्यायचं नाही. शीख धर्मात तंबाखू वर्ज्य आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणींच्या कमरेला डबी असते, म्हणून हे मोकळेपणानं सांगतो. डबी मुक्कामाच्या सामानातच ठेवा.

ग्रंथसाहिबाकडं पाय करून बसायचं नाही, पाठही फिरवायची नाही. कडाह प्रसाद मिळतो, तो कणीक, तूप आणि साखरेचा. दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायचा. नको म्हणून हात मागं घेऊ नये. शुगर असेल तर ‘थोडा दीजिए’ म्हणावं.

लंगरला जिथं जागा मिळेल तिथं ओळीत बसायचं. आपल्या गटाच्या सगळ्या जणी एकीकडंच बसतील, असा हट्ट धरू नये. जेवण शाकाहारी असतं. पोळी वाढायला आले की दोन्ही तळहात पुढं करायचे. पोळीला तिथं परशादा म्हणतात. लागेल तेवढंच घ्यायचं, मागून पुन्हा घेता येतं. ताटात काही टाकायचं मात्र नाही. जेवण झाल्यावर वेळ असेल तर पोळ्या लाटायला नाहीतर भांडी घासायला बसा. कुणी अडवत नाही. दान द्यायचं तर पेटीत टाका, नाही टाकलं तरी कुणी विचारत नाही.

फोटो काढायचा तर आधी तिथल्या माणसाला विचारा. बोलताना ‘जी’ लावलं की पुरतं.

आता लातूरकडं वळू, कारण पाहुण्याला जेवू घालण्याची आपलीही एक मोठी रीत आहे. मार्गशीर्षातली वेळ अमावास्या, आपली येळवस. त्या दिवशी लातूरचा बाजार ओस पडतो आणि सगळं शहर शेतात जातं. कडब्याची कोप, पाच पांडवांची पूजा, भज्जी, आंबिल, बाजरीचे उंडे, खिचडा. बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारायची, अशी चाल आहे. शहरातल्या पाहुण्याला आम्ही सांगतो, तीन शेतांत बोलावणं असेल तर पहिल्याच शेतात पोट भरू नका. नाही म्हटलेलं कुणाला आवडत नाही, म्हणून सगळीकडं घोट-घोट आंबिल तरी घ्या.

पण येळवशीचीच दुसरी बाजू जुन्या बाया सांगतात. हाक सगळ्यांना जायची, पान मात्र सगळ्यांचं एका जागी पडायचं नाही. मालकाचे पाहुणे कोपीजवळ, आणि ज्यांनी ज्वारी राखली ते पलीकडच्या झाडाखाली. बोलावणं आणि शेजारी बसवणं यात फरक आहे. लंगर आणि आपल्या पंगती यांच्यातलं अंतर तेवढंच आहे.

ते कमी करायला या राज्यात मोठी माणसं झटली. कोल्हापुरात पाण्याला हात लावला म्हणून गंगाराम कांबळेंना मार बसला, तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल काढून दिलं. महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा प्यायचे आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजायचे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. २६ जानेवारी १९५० पासून संविधानानं अस्पृश्यता बंद केली. हॉटेलात, विहिरीवर, पाणवठ्यावर कुणाला अडवणं हा १९५५ च्या कायद्यानं गुन्हा झाला.

कायदा हॉटेलात पोचला. घरातल्या कपबशीपर्यंत तो आपोआप पोचत नाही. गटात बचतीची वही एकच असते, सगळ्या जणींच्या पैशाला एकच रकाना. कर्ज बुडालं तर सगळ्या मिळून भरतो. पण बैठक संपल्यावर चहा येतो, तेव्हा कुणी ‘आज उपास आहे’ म्हणते, कुणी ‘आत्ताच घेतला’ म्हणते. कुणाच्या घरचा चहा असला की हे उपास येतात, ते सगळ्यांना माहीत असतं, बोलत मात्र कुणी नाही.

म्हणून नांदेडला जरूर जा. अनोळखी बाईच्या मांडीला मांडी लावून जेवा. आणि परत आल्यावर एक काम करा. गटाचं हजेरीचं रजिस्टर काढा आणि गेल्या वर्षभरात बैठक कुणाकुणाच्या घरी झाली ते बघा. ज्या घरी एकदाही झाली नाही, पुढची बैठक तिथं घ्या. चहाही तिथलाच, आणि सगळ्या जणींनी घ्यायचा.