सरासरी माणसाची खुर्ची

विमानाचा विषय जिन-प्रेसच्या कामगारांत वावरणाऱ्यांनी कशाला काढावा, असे कोणी विचारील. पण वैमानिकही यंत्रापुढे बसून कामच करतो. आणि यंत्र कोणाच्या मापाने बांधावे, हा प्रश्न आमचाच आहे.

१९५० साली अमेरिकेच्या विमानदलाने चार हजारांवर उड्डाण-सैनिकांची अंगमापे घेतली. वैमानिकाची जागा तोवर ‘सरासरी’ माणूस धरून आखीत. गिल्बर्ट डॅनियल्स ह्या तरुण संशोधकाने ४०६३ जणांच्या दहा मापांना चाळणी लावली. उंचीने सरासरीच्या जवळपास निघाले १०५५. त्यांतून छातीच्या घेरानेही तसे असणारे ३०२. त्यांतून बाहीच्या लांबीने १४३. असे करीत नवव्या मापाला दोघे उरले आणि दहाव्याला एकही नाही! सरासरी माणसासाठी केलेली खुर्ची कोणाचीच नव्हती, हे १९५२ च्या त्याच्या अहवालाने उघड झाले.

विमानदलाने ते मानले. खुर्ची वरखाली, पायदाबे पुढेमागे, पट्टे सैलघट्ट करता येतील, अशी बांधणी पुढे रूढ झाली. ह्या शहाणपणात विमानाच्या किमतीचा वाटा मोठा असावा, असा आमचा संशय आहे.

आपल्याकडे १९६३ साली मिग-२१ आले. पुढे नाशिकजवळ ओझरला ते बांधले गेले, आणि २०२५ पर्यंत विमानदलात उडाले. हात आपल्या कामगारांचे, आखणी रशियाची. परक्या आखणीत आपला माणूस मागाहून बसवायचा, म्हणजे चाळणी माणसालाच लागते. वैमानिकांच्या भरतीच्या नियमांत बैठी उंची ८१.५ ते ९६ सेंटिमीटर, पाय ९९ ते १२०, मांडी ६४ पर्यंत, अशी मापे आढळतात. कारण खरे आहे : संकटात खुर्चीसकट बाहेर फेकले जाताना लांब मांडीचा गुडघा समोर आपटतो. तरीही अमरावतीचा एखादा पोरगा गणितात पास होऊन मांडीत नापास व्हायचा!

आणि अकोल्याच्या जिनात रेच्यावर कापूस टाकणारी बाई? तिचा हात किती लांब, ओटा किती उंच, हे फूटपट्टी लावून पाहणारा आमच्या पाहण्यात आला नाही. रेचा ठरलेल्या मापाचा, वाकायचे तिने. उभ्याने काम करणारांना बसण्याची योग्य सोय द्यावी, असे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४४ व्या कलमाने सांगितले. ती बैठक किती उंच असावी, ह्याचे माप त्या कलमात नव्हते.