धर्म वर्गाबाहेर ठेवता येत नाही

शाळेत धर्माचे नावच नको, मुलांना फक्त मूल्ये शिकवा, असे मानणारा मोठा सुशिक्षित वर्ग आपल्याकडे आहे. त्यांचा हेतू चांगला आहे. नाना धर्मांची मुले एका बाकावर बसतात, तिथे हा विषय निघाला की तेढ वाढेल; शिवाय राज्यघटनेलाही ते मंजूर नाही, असे त्यांचे म्हणणे. मला ही भूमिका मुळातच चुकीची वाटते.

घटनेचे आधी पाहू. अनुच्छेद २८ ने मनाई केली आहे ती संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांत धर्मोपदेश करायला. वेगवेगळ्या धर्मांची ओळख करून द्यायला नाही. १९६४–६६ च्या कोठारी आयोगाने नेमका हाच भेद केला आणि प्रमुख धर्मांची माहिती सर्व विद्यार्थ्यांना मिळावी, असे सुचवले. पुढे अरुणा रॉय खटल्यात, २००२ साली, सर्वोच्च न्यायालयानेही धर्मांचा अभ्यास घटनाबाह्य ठरत नाही, असाच निर्वाळा दिला.

कायद्यापेक्षा मोठी गोष्ट अशी की, धर्म शाळेत आहेच. मराठीचा तास घ्या. ज्ञानेश्वर, जनाबाई, तुकाराम वगळून मराठी शिकवायची कशी? अभंग शिकवायचा तर विठ्ठल कोण, वारी कशासाठी, हे सांगावेच लागते. अनेक शाळांच्या परिपाठात पसायदान असते. त्यात गैर काहीच नाही. पण त्याला संस्कार म्हणायचे आणि रमजानचे रोजे, नाताळची उपासना किंवा धम्मदीक्षा यांचा विषय निघाला की 'शाळेत धर्म नको' म्हणायचे, हा अन्याय आहे. मौन पाळल्याने शाळा तटस्थ होत नाही. बहुसंख्याकांच्या चालीरीती तेवढ्या नकळत सर्वांच्या म्हणून रूढ होतात.

आणि आपली मराठी काही एकाच धर्माची नाही. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला. एकनाथांचे 'हिंदू-तुर्क संवाद' हे भारूड तर आठवी-नववीच्या वर्गात मुद्दाम वाचावे असे आहे. त्यातले दोघे एकमेकांच्या देवाधर्मावर बोचरे आक्षेप घेतात, एकमेकांना मूर्ख ठरवतात, उत्तराला प्रत्युत्तर देतात आणि अखेर गळाभेट घेतात. सोळाव्या शतकातल्या संताला लोकांसमोर मांडता आले, ते आज आपल्या शिक्षकाला वर्गात मांडता येऊ नये?

माहितीवाचून नुसती मूल्ये शिकवली की काय होते, हे केरळात दिसले. १९८५ साली तिथल्या तीन भावंडांना शाळेतून काढून टाकण्यात आले. राष्ट्रगीत सुरू असताना ती आदराने उभी राहत, पण गात नसत. 'यहोवाचे साक्षीदार' या त्यांच्या ख्रिस्ती पंथाला ते मान्य नव्हते. मुलांनी राष्ट्रगीताचा अवमान केलेला नाही, असे चौकशीतही आढळले होते, तरी न्याय मिळायला १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. राष्ट्रभक्ती हे मूल्य शाळेला ठाऊक होते, समोरच्या मुलांची श्रद्धा समजून घेणे मात्र तिला साधले नाही. सहिष्णुतेचा सुविचार रोज फळ्यावर लिहिला, तरी शेजारच्या बाकावरच्या मुलीचा रोजा म्हणजे काय हे वर्गाला ठाऊक नसेल, तर त्या सुविचारात जीव कुठून येणार?

शिक्षकच पक्षपाती निघाला तर, हा आक्षेप मात्र खरा आहे. अरुणा रॉय खटल्यात न्या. धर्माधिकारी यांनीही अभ्यासाच्या नावाखाली प्रचार होऊ नये, असे बजावले होते. पण पक्षपात आजही होतोच, फक्त तो कुठल्याही पाठ्यपुस्तकात लिहिलेला नसल्याने तपासता येत नाही. लेखी अभ्यासक्रम असेल तर पालकाला बोट ठेवता येईल. परीक्षा माहितीची घ्यावी, श्रद्धेची नव्हे. कुणालाही हात जोडायला लावू नये. आणि डी.एल.एड., बी.एड. करतानाच भावी शिक्षकाला स्वतःचा नसलेला एक धर्म नीट अभ्यासायला लावावा, त्यावरचा सराव पाठ त्या धर्माच्या जाणकारासमोर घ्यायला लावावा.