विळ्याच्या आकाराची पेशी

आठ-दहा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात गडचिरोलीकडचा एक विद्यार्थी होता. महिन्यातून चार-पाच दिवस हटकून गैरहजर. विचारले, तर म्हणे, “सर, हाडं दुखतात.” विशीतल्या पोराची हाडे कशी दुखतील? मी त्याला कामचुकार ठरवून मोकळा झालो. त्याला सिकलसेल आहे हे परीक्षेच्या सुमारास कळले. मग, इतिहासाच्या माणसाची खोडच ती, मी या रोगाची कुळकथा शोधू लागलो.

कागदोपत्री ही कथा सुरू होते तीही एका विद्यार्थ्यापासूनच. वॉल्टर क्लेमेंट नोएल हा ग्रेनाडा बेटावरचा तरुण दंतवैद्यक शिकायला शिकागोला आला आणि १९०४ साली तिथल्या रुग्णालयात दाखल झाला. आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरने त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तो काही पेशी लांबट, वाकड्या, विळ्यासारख्या! त्यांचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० साली त्यावर लेख लिहिला. लेखावर आयर्न्सचे नाव नाही आणि रोग्याचेही नाही. नोएल शिक्षण पुरे करून मायदेशी गेला, दातांचा दवाखाना चालवला आणि १९१६ मध्ये, ऐन बत्तिशीत वारला. ज्याच्या रक्तावरून एवढे शास्त्र उभे राहिले, त्याची ओळख जगाला फार उशिरा झाली.

पेशी वाकते का, याचा उलगडा व्हायला चाळीस वर्षे लागली. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की दोष पेशीत भरलेल्या हिमोग्लोबिनमध्येच आहे. पुढे इंग्रम यांनी तो नेमका हेरला : साखळीतला एकच दुवा बदललेला. प्राणवायू सोडला की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते, त्याच्या कांड्या बनतात, पेशी ताठरते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. माझ्या विद्यार्थ्याची हाडे दुखत, ती यामुळे. शिवाय निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही जेमतेम दहा-वीस. म्हणून अंगात रक्त टिकत नाही.

मग असला घातक वारसा टिकला कसा? उत्तर १९५४ मध्ये ॲलिसन यांनी आफ्रिकेतून दिले. दोष एकाच पालकाकडून आलेला असेल, तर तो माणूस केवळ ‘वाहक’ असतो, आणि त्याला जीवघेण्या हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. जिथे डास, तिथे हा दोष. आपल्याकडे १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत तो आढळला; १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातली नोंद केली. आदिवासींत तो पुष्कळ आहे, पण विदर्भात इतर समाजांतही आहे. कुणा एका जातीला त्याचा ठपका लावणे हे अडाणीपणाचे.

उपायांचे म्हणाल, तर भरपूर पाणी पिणे, थंडी आणि अतिश्रम टाळणे, ताप आला की लगेच डॉक्टर गाठणे. लहानग्यांना पेनिसिलिन आणि लसी. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या मात्र तपासल्याशिवाय घेऊ नयेत. इथे उणीव बहुधा लोहाची नसते. हायड्रॉक्सियुरियाने दुखण्याचे झटके कमी होतात, हे १९९५ साली सिद्ध झाले. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे. जनुक-उपचाराला २०२३ साली इंग्लंड-अमेरिकेत मान्यता मिळाली. किंमत कोटींत!

त्याच वर्षी १ जुलैला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाली. तिचा भर तपासणीवर आहे आणि ते योग्यच. नवरा-बायको दोघेही वाहक असले, तर प्रत्येक खेपेला मूल रोगी निघण्याची शक्यता चारात एक असते. पहिले रोगी झाले म्हणून पुढची तीन सुटली, असे नव्हे; प्रत्येक खेपेला हिशेब नव्याने. पण कागद आधी मागतात तो मुलीचा. मुलाकडचे “आमच्यात तसलं काही नाही” म्हणून मोकळे!

गेल्या उन्हाळ्यात त्या विद्यार्थ्याच्या लग्नाची पत्रिका आली. आत चिठ्ठी होती : “सर, दोघांचीही तपासणी झाली. तिच्यात दोष नाही. मुलं वाहक होतील, रोगी नाही. लग्नाला या.” मी गेलो होतो.